नशीब आणि हिशेब

बेळगाव-निपाणी भागाच्या वार्तापत्रात एक बातमी अशी आहे, की जिचा मजकूर वर्षानुवर्षे बदलत नाही. बदलतात ती फक्त गावांची नावे आणि रकमांचे आकडे. अमुक गल्लीत मटका अड्ड्यावर छापा, इतकी रोकड, आकड्यांच्या चिठ्ठ्या आणि अलीकडे त्यांच्या जोडीला इतके मोबाईल जप्त, कर्नाटक पोलीस कायद्याखाली गुन्हा नोंद. वाचक ती वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. घाटाखाली आमच्या गोमंतकातही याहून निराळे काही घडत नाही. जत्रेतला गडगडा आमचाच, मांडवीत तरंगणारे कॅसिनोही आमचेच आणि त्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत बेळगावकडच्या गाड्याही काही कमी नसतात. तेव्हा घाटावरच्या बंधूंना उपदेश करण्याच्या भूमिकेतून आम्ही हे लिहीत नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

नीती आणि कायदा या दोन्ही अंगांनी या व्यसनाविषयी आजवर पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. त्याचा म्हणावा तसा परिणाम झालेला दिसत नाही. आमच्या मते त्याचे एक कारण असे, की आकडा लावणारा मनुष्य स्वतःला पापी समजत नाही आणि गुन्हेगारही समजत नाही; तो स्वतःला हिशेबी समजतो. चहाच्या टपरीवर बसून मागच्या सहा महिन्यांचे आकडे टिपलेली वही तो ज्या एकाग्रतेने चाळतो, ती पाहिली म्हणजे एवढा अभ्यास त्याने शाळेत केला असता तर तो कोठल्या कोठे गेला असता, असे वाटल्याशिवाय राहत नाही. गेले वीस दिवस सात आलेला नाही, तेव्हा आता तो आल्यावाचून राहत नाही, असा त्याचा निष्कर्ष असतो. दिवसाच्या मजुरीतले पन्नास रुपये तो त्या सातावर लावतो. या हिशेबाला पोलिसाचा दंडुका हे उत्तर नव्हे, कीर्तनकाराचा बोध हेही उत्तर नव्हे. त्याला उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे. तो हिशेब ज्या शास्त्रात सांगितला आहे, त्याला मराठीत संभाव्यताशास्त्र असे म्हणतात. आम्ही स्वतः कला शाखेचे. गणिताशी आमचे सख्य कधीच नव्हते. परंतु या शास्त्राची जी चार मूलतत्त्वे आहेत, ती समजण्यास बेरीज-गुणाकारापलीकडे फारसे काही लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम मटक्याची जातकुळी पाहू. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी जो दर उघडे आणि संध्याकाळी जो दर बंद होई, तो तारेने मुंबईस कळवला जाई. त्या दरांवर पैजा लावण्याची चाल पडली. आज खेड्यापाड्यांतला, इंग्रजीचे अक्षरही न शिकलेला मनुष्य जे 'ओपन' आणि 'क्लोज' म्हणतो, ते शब्द त्या कापसाच्या बाजारातून आलेले आहेत. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून हे दर येण्याचे थांबले. पैजा मात्र थांबल्या नाहीत. कल्याणजी भगत आणि रतन खत्री या दोघांनी साठीच्या दशकात मुंबईत आकडा काढण्याच्या स्वतंत्र पद्धती रूढ केल्या. मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून मटका. पुढे मडके जाऊन पत्ते आले, नाव तेच राहिले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतला शेवटचा अंक घ्यायचा, तो ओपन. तसेच पुन्हा करायचे; तो क्लोज. दोन्ही मिळून झाली जोडी.

आता हिशेब. शून्यापासून नऊपर्यंत अंक दहा. सोडत प्रामाणिक आहे असे घटकाभर धरले, तर प्रत्येक अंक येण्याची शक्यता सारखीच, म्हणजे दहांत एक. संभाव्यतेची पहिली व्याख्या एवढीच आहे: सारख्याच शक्यतेच्या एकूण किती गोष्टी घडू शकतात ते मोजावे, त्यांपैकी आपल्याला हव्या त्या किती हे मोजावे, आणि दुसऱ्या संख्येला पहिलीने भागावे. दुसरे तत्त्व गुणाकाराचे. ओपनचा क्लोजशी काही संबंध नसेल, तर दोन्ही बरोबर येण्याची शक्यता दहांत एकाची दहांत एक, म्हणजे शंभरांत एक.

दहांत एक शक्यता असलेल्या गोष्टीवर रुपया लावला, तर न्यायाने जिंकणाऱ्यास दहा रुपये मिळाले पाहिजेत. बाजारातली सर्वसाधारण चाल नऊ देण्याची आहे. जोडीला शंभर मिळावयास हवेत, मिळतात नव्वद. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरीने नव्वद पैसे परत येतात. गणिती यालाच अपेक्षित प्राप्ती म्हणतात. दहा पैसे गेले तर काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण आकडा लावणारा जिंकलेले पैसे घरी नेत नाही, पुन्हा लावतो. आणि तेथेच सारी मेख आहे. एखाद्या वाडीतल्या माणसांनी मिळून हजार रुपये लावले असे समजा. सरासरीने नऊशे परत आले. ते दुसऱ्या दिवशी लावले, आठशे दहा आले. तिसऱ्या दिवशी सातशे एकोणतीस. सातव्या दिवशी निम्म्याहून कमी, म्हणजे चारशे अठ्ठ्याहत्तर. बाविसाव्या दिवशी वाडीत शंभर रुपयेही उरत नाहीत. मधल्या काळात आज याला नव्वद लागले, काल त्याला नऊशे लागले, अशा वार्ता उठत राहतात. ज्याला लागले त्याचे नाव गावभर होते, ज्यांचे गेले ते बायकोलाही सांगत नाहीत. वाडीचा पैसा मात्र हलक्या पावलांनी वाडीबाहेर निघून गेलेला असतो. त्यासाठी मालकाला लबाडी करावी लागत नाही. आणि लबाडी करावयाची म्हटली, तर आकडा कोण काढतो आणि कसा काढतो हे लावणाऱ्याला कोठे दिसते?

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. शंभरांत एक शक्यता म्हणजे शंभर दिवसांत एकदा जोडी लागणारच, असे पुष्कळांना मनापासून वाटते. गणित तसे म्हणत नाही. एका दिवशी जोडी न लागण्याची शक्यता शंभरांत नव्व्याण्णव. शंभर दिवसांत एकदाही न लागण्याची शक्यता हवी असेल, तर नव्व्याण्णव शतांशाला शंभर वेळा स्वतःनेच गुणावे. उत्तर येते सदतीस शतांशाच्या जवळपास. म्हणजे शंभर माणसांनी शंभर दिवस रोज एक जोडी लावली, तर त्यांतल्या सुमारे सदतीस जणांना एकदाही काही मिळणार नाही. तीनशे दिवस लावली, तरी पाच जण कोरडेच राहतील. त्या पाच जणांना आपल्यावर शनीची दृष्टी आहे असे वाटेल. शनीचा येथे काही संबंध नाही. शंभर माणसे खेळली की पाच जणांचे असे व्हायचेच. ते पाच कोण, एवढेच काय ते आधी सांगता येत नाही.

आता त्या वीस दिवस न आलेल्या साताकडे वळू. या शास्त्रातले सर्वांत सोपे आणि पचनी पडण्यास सर्वांत अवघड असे तत्त्व येथेच आहे. नाणे उडवले आणि लागोपाठ पाच वेळा छाप पडली. सहाव्या खेपेस काय पडेल? दहांतले आठ जण सांगतील, आता काटा. परंतु नाण्याला स्मरणशक्ती नसते. मागे काय झाले हे त्याला ठाऊक नाही आणि कोणाचे काही फेडण्याची जबाबदारी त्याने घेतलेली नाही. सहाव्या खेपेसही छाप आणि काटा यांची शक्यता निम्मी निम्मीच राहते. मोंटे कार्लोच्या प्रसिद्ध जुगारगृहात १९१३ च्या ऑगस्टमध्ये फिरत्या चक्रावर लागोपाठ सव्वीस वेळा काळा रंग आला. दहा-पंधरा वेळा काळा आल्यावर आता लाल येणारच, म्हणून लोकांनी लालवर पैसे ओतण्यास आरंभ केला आणि त्या रात्री कित्येकांचे दिवाळे वाजले. ते सारे युरोपातले सुखवस्तू, शिकलेले लोक होते. तेव्हा निपाणीच्या टपरीवरच्या वहीला हसण्याचे कारण नाही. ही चूक मनुष्याच्या मनाची आहे, अडाणीपणाची नव्हे.

मौज अशी, की हे शास्त्र जन्मले ते मुळी जुगाराच्याच पटावर. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांत जो पत्रव्यवहार झाला, त्याचा एक विषय असा: दोघांनी सारखी रक्कम लावून खेळ मांडला, जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सर्व रक्कम मिळायची. एकाने दोन डाव जिंकले, दुसऱ्याने एक, आणि खेळ मोडावा लागला. तर रक्कम कशी वाटावी? सहज सुचणारे उत्तर दोनास एक. पण ते चुकीचे आहे. झालेले डाव न पाहता राहिलेले डाव पाहिले पाहिजेत. आणखी फार तर दोन डाव व्हायचे, त्यांचे निकाल चार प्रकारे लागू शकतात. त्यांपैकी एकाच प्रकारात दुसरा जिंकतो, उरलेल्या तिन्हींत पहिला. म्हणून वाटणी तीनास एक. या लहानशा कोड्यात सबंध शास्त्राची दृष्टी आली आहे. मागे काय झाले यावर तुमचा हक्क ठरत नाही. पुढे काय काय होऊ शकते यावर तो ठरतो. वही चाळणारा मनुष्य नेमका याच्या उलट वागत असतो.

यावर एक बिनतोड वाटणारा प्रश्न विचारला जाईल. नाण्याला स्मरण नाही म्हणता, तर मग शेवटी छाप आणि काटा निम्मे निम्मे पडतात ते कसे? कधीतरी भरपाई होत असलीच पाहिजे. याचे उत्तर याकोब बर्नोली या स्विस गणितज्ञाने दिले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सिद्धांताला आता मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात. उदाहरण घ्या. दहा वेळा नाणे उडवले. आठ छाप, दोन काटे. छापीचे प्रमाण शेकडा ऐंशी. पुढे आणखी हजार वेळा उडवले आणि त्यांत बरोबर पाचशे-पाचशे पडले. एकूण छापी पाचशे आठ, काटे पाचशे दोन. प्रमाण शेकडा पन्नास आणि वर नगण्य अंश. पहिल्या दहांत पडलेला सहांचा फरक जसाच्या तसा कायम आहे. तो कोणी फेडला नाही. तो गर्दीत हरवला. सरासरी जुळते ती अशी. जो गर्दी घेऊन बसला आहे, त्याला हा नियम लाभतो. जो एकटा एक चिठ्ठी घेऊन उभा आहे, त्याला लाभत नाही. मटक्याचा मालक रोज हजारो चिठ्ठ्यांच्या सरासरीवर जगतो आणि गिऱ्हाईक एका चिठ्ठीच्या आशेवर. दोघे एकच खेळ खेळत आहेत असे दिसते, पण ते तसे नाही.

या नियमाचे एक सुंदर उदाहरण आमच्या घरचेच आहे. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांना वाचक इतिहासकार म्हणून ओळखतात. व्यवसायाने ते गणितज्ञ होते आणि संख्याशास्त्रात त्यांच्या नावाने ओळखली जाणारी सूत्रे आहेत. पत्ते पिसल्याने ते खरोखर कितपत मिसळतात, याचीही तपासणी त्यांनी एका सहकाऱ्यासह केली होती आणि १९५८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांनी पुण्यात असताना जुन्या नाण्यांचा जो अभ्यास केला, तो तराजू घेऊन केला. हातोहात फिरणारे नाणे झिजते. एक नाणे किती झिजेल हे कोणास सांगता येणार नाही. एखादे लोभी माणसाच्या गाडग्यात पडून राहते, एखादे रोज बाजार पाहते. परंतु हजारो नाणी तोलली, तर त्यांची सरासरी झीज काळाच्या प्रमाणात होते आणि वजनांतला आपसातला फरकही वाढत जातो, हे त्यांनी दाखवले आणि तक्षशिलेस सापडलेल्या आहत नाण्यांचा कालक्रम त्या आधारे लावण्याचा यत्न केला. एकाच नाण्याच्या दोन उपयोगांतला हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एकदा उडवलेल्या नाण्यावर संसार लावणारा बुडतो. हजारो नाणी धीराने तोलणाऱ्याला इतिहास सापडतो.

निपाणी भागातील कष्टकऱ्यांना हे शास्त्र परके आहे असेही नाही. विड्या वळणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. हातातली ही एक विडी तपासणीत टिकेल की बाद होईल, हे ती सांगू शकणार नाही. पण हजारांत साधारण किती बाद होतील, हे तिला नेमके ठाऊक असते आणि तेवढ्या विड्या ती हिशेबात धरून चालते. तंबाखूचा व्यापारी सगळा ढीग उपसत नाही. निरनिराळ्या ठिकाणांहून मूठमूठ घेऊन वानगी पाहतो. आम्ही कोकणातले लोक शितावरून भाताची परीक्षा करतो. मात्र शीत कोठलेही घेतले तरी चालेल, अशा रीतीने भात शिजलेला हवा. तळचे करपलेले आणि वरचे कच्चे असेल, तर एका शिताची साक्ष उपयोगाची नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग सुखात्मे यांनी याच विचारावर पिकांच्या पाहणीची शास्त्रीय पद्धत देशात रुजवली. कोणत्या शेतातला कोणता तुकडा कापून तोलायचा, हे डोळ्यांना बरे दिसते म्हणून ठरवायचे नाही, चिठ्ठी टाकल्यासारखे निव्वळ यदृच्छेने ठरवायचे; तरच अंदाज खरा येतो. जी यदृच्छा मटकेवाल्याच्या हाती घर बुडवते, तीच प्रामाणिक माणसाच्या हाती पक्षपात दूर करण्याचे साधन होते.

आमच्या पुराणांतही याची एक अर्थपूर्ण कथा आहे. द्यूतात राज्य हरवून वनात बसलेल्या युधिष्ठिराला वनपर्वात नळाचे आख्यान ऐकवले जाते. नळ पुष्कराशी फासे खेळून सर्वस्व गमावून बसला आणि बाहुक नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याच्या पानाफळांची संख्या सांगितली. नळाला ते पटेना. त्याने रथ थांबवला, झाड तोडून फळे मोजली आणि संख्या जुळल्यावर तो थक्क झाला. तेव्हा त्याने अश्वविद्या देऊन त्या बदल्यात ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, घेतले. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत. यावरून संभाव्यताशास्त्र आमच्या पूर्वजांनी पास्कलच्या आधी शोधले होते, अशी बढाई मारण्याचे कारण नाही. अक्षहृदय म्हणजे नेमके काय, हे महाभारत सांगत नाही. परंतु झाडाची पाने मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या या एकाच माणसाजवळ असतात, हे कथाकाराच्या ध्यानात आले होते, एवढे निश्चित. नळ हरला तेव्हा त्याच्यात कली शिरला होता. जिंकला तेव्हा तो मोजणे शिकून आला होता.

आता कायद्याविषयी थोडे. महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी १९६९ मध्ये सुरू केली आणि ती आजही चालू आहे. कर्नाटकाने १ एप्रिल २००७ पासून लॉटरीच्या विक्रीस बंदी केली. याचा सीमाभागातला अर्थ मोठा चमत्कारिक होतो. निपाणीची मुले ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात, ते निपाणीला लागूनच असले तरी अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. तिकडे कोगनोळीचा नाका मागे टाकून दूधगंगा ओलांडली, की कागल. जे तिकीट अलीकडे विकणे गुन्हा, ते पलीकडे सरकारमान्य. एकीकडे दंड, दुसरीकडे महसूल. सीमेच्या वादाचा निकाल लागायचा तेव्हा लागो. पण तिकिटाचे गणित नदीच्या दोन्ही तीरांवर सारखेच आहे. लॉटरीची बक्षिसे विक्रीच्या रकमेतूनच द्यायची असतात आणि खर्च व महसूलही त्यातूनच निघतो. तेव्हा घेणाऱ्या सर्वांना मिळून परत मिळणारी रक्कम दिलेल्या रकमेहून कमीच असणार. तिकिटावर सरकारचा शिक्का असल्याने बेरीज बदलत नाही. हल्ली तर नाका ओलांडण्याचीही गरज उरलेली नाही. खेळ फोनमध्ये आला, घरातल्या मुलाच्या हातात आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, हे योग्यच झाले. परंतु मटक्यावर बंदी असूनही काय चालते, हे पाहिलेल्या माणसाने केवळ कायद्यावर विसंबून राहू नये.

जाता जाता दोन गोष्टींची गल्लत दूर केली पाहिजे. शेतकरी नेहमी म्हणतो, आमची शेतीच जुगार आहे, मग आकड्याने काय बिघडते? त्याच्या म्हणण्यात दुःख आहे आणि तथ्यही आहे. पाऊस त्याच्या हाती नाही, भाव त्याच्या हाती नाही. तंबाखूच्या भावासाठी निपाणीच्या शेतकऱ्यांना १९८१ मध्ये रस्त्यावर बसावे लागले आणि गोळ्या झेलाव्या लागल्या, हे कोण विसरेल? पण शेतीतला धोका त्याच्यावर आलेला असतो. आकड्यातला धोका तो विकत घेतो. विम्याशी तुलना केली की हे स्पष्ट होते. विमा कंपनीही सरासरीवरच जगते, आणि साऱ्या विमेदारांचा एकत्र हिशेब केला तर तेही सर्वसाधारणपणे दिलेल्याहून कमीच परत घेतात. मग विमा शहाणपणाचा आणि मटका वेडेपणाचा असे का? कारण विम्यात मनुष्य लहान, सोसवेल अशी रक्कम देऊन न सोसवणारे संकट दूर ठेवतो. मटक्यात तो घरात नसलेले संकट पैसे देऊन घरी आणतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०१६ पासून खरिपाच्या अन्नधान्य व तेलबिया पिकांना शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या शेकडा दोनहून अधिक असत नाही. बाकीचा हप्ता केंद्र व राज्य सरकारे भरतात. पन्नास हजारांच्या सोयाबीनला हजार रुपये. भरपाईतील दिरंगाईच्या तक्रारी आम्हालाही ठाऊक आहेत आणि त्या दूर झाल्याच पाहिजेत. तरीही हजार रुपयांचा विमा नको म्हणणारा मनुष्य वर्षाकाठी त्याच्या कितीतरी पट आकड्यावर घालवतो, याला काय म्हणावे?

पुराचेही तसेच. शंभर वर्षांत एकदा येणारा पूर, असे अधिकारी सांगतात आणि लोक समजतात, की एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत निर्धास्त. त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरांत एक. तीस वर्षे त्या काठावर घर करून राहणाऱ्याच्या वाट्याला तो निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा सव्वीस, म्हणजे चौघांत एकाहून थोडी अधिक. नदीलाही नाण्यासारखेच मागचे देणे आठवत नाही. त्यातून कृष्णा आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ असे सोळा वर्षांत तीन मोठे पूर पाहिले. २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीस वेदगंगेचे पाणी महामार्गावर येऊन वाहतूक बंद पडली. असे वारंवार घडू लागले, की शहाण्या माणसाने दैवाला बोल लावण्याआधी फासा तोच राहिला आहे ना, हे तपासावे. पाऊसमान बदलते, नदीपात्रे आक्रसतात, काठावर बांधकामे होतात आणि मग जुन्या नोंदींवरून बांधलेली शक्यता खोटी ठरू लागते. मटक्याच्या वहीत नियम नसताना आपण नियम शोधतो. नदीच्या नोंदवहीत नियम बदललेला असताना आपण तो पाहत नाही. मोजणी कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हे ओळखणे हाच या शास्त्राचा खरा उपयोग.

महाराष्ट्राच्या दहावीच्या गणितात संभाव्यता हे स्वतंत्र प्रकरण आहे. कर्नाटकाच्या दहावीतही ते शिकवले जाते. सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले नाणे, फासे आणि बावन्न पत्ते यांची उदाहरणे सोडवतात, गुण मिळवतात आणि परीक्षा झाल्यावर पुस्तक रद्दीत घालतात. एखाद्या शिक्षकाने त्या तासाला टपरीवरची ती वही वर्गात आणावी. मुलांकडून दहा अंकांची मोजणी करून घ्यावी. ज्या दिवशी सात बराच काळ आलेला नव्हता, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो किती वेळा आला आणि एरवी किती वेळा येतो, हे मुलांनी स्वतः मोजावे. सोडत सरळ असेल, तर दोन्ही उत्तरे जवळपास सारखी येतील. आणि जर ती तशी आली नाहीत, तर सोडत सरळ नाही, हे मुलांना कळेल. दोन्हींपैकी काहीही झाले तरी एक वही बंद होईल.

विड्या वळून आणलेल्या पैशातून घर चालवणाऱ्या आईच्या डब्यातले पन्नास रुपये संध्याकाळी कमी भरतात, तेव्हा ते कोठे गेले हे तिला कोणी सांगत नाही. तिच्या मुलाने दहावीतले ते एक प्रकरण नीट समजून घेतले असेल, तर निदान त्या घरात हिशेब मांडणारे कोणी आहे, एवढे तरी म्हणता येईल.